धूर सरळ वर जावो

बिश्केक, २४ ऑगस्ट

आपा,

तुमच्या गावी जाणाऱ्या नूरदीनच्या गाडीबरोबर हे पत्र आणि एक खोकं पाठवते आहे. खोक्यात चहा आहे, गुडघ्याचं मलम आहे आणि एक पांढरी वाटोळी डबी आहे. डबीचं नंतर सांगते. आधी गोड बातमी. तुमच्या नातवाचं ठरलं. मुलगी तलासची आहे, नाव अकमारल. उंच आहे, मोठ्यानं हसते आणि हसून झाल्यावर तोंडावर हात ठेवते, म्हणजे उशिरा. मला आवडली. तिलेकला तर इतकी आवडली आहे की परवा तो मीठ समजून साखर घालून सूप प्यायला आणि छान झालंय म्हणाला.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. ही बातमी शेजारच्या काकांनी तुमच्या कानात ओरडून सांगावी हे मला पटेना. म्हणून कागद. लग्न इथं नोव्हेंबरच्या शेवटी, आणि लगेच नव्या सुनेला तुमच्या चुलीशी आणायचं, हे तिलेकनं आपणहून सांगितलं.

आता धुराड्याचं. जुलैत तुमचा मुलगा छपरावर चढला तेव्हा वरची वीट त्यांच्या हातात आली आणि खालची पायाखालून गेली. मधे उभी भेग आहे, काजळी बाहेर ओघळली आहे. ते म्हणतात, या हिवाळ्यात ती चूल पेटवायची नाही. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तुमचाच आहे. ते स्वतः बोलतीलच, पण त्याआधी मी विचारते: हिवाळाभर आमच्याकडे याल का? इथं ऊब भिंतीतूनच येते, काही पेटवावं लागत नाही.

ती डबी चुलीच्या खोलीत टांगा. चुलीतला विषारी वायू घरात साचला तर ती किंचाळते. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो.

तुमची
पेरीझात


अत-बाशी, ५ सप्टेंबर

पेरीझात, बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग गाईला वाचून दाखवलं. तिलाही मुलगी पसंत आहे. मोठ्यानं हसणारी सून घरात हवीच. तू इतकी हळू हसायचीस की पहिली दोन वर्षं मला वाटायचं तुला दात दुखतो.

डबी पोचली. तू बहिऱ्या बाईला शिट्टी पाठवलीस. मी ती तुझ्या शेजारच्या काकांच्या, म्हणजे सागिनच्या भिंतीवर टांगून आले आहे. त्या घरात ऐकू येणारी माणसं राहतात. तू त्याचं नाव लिहीत नाहीस ते मी त्याला सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, शहरात राहूनही सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव न घेणारी सून आता संग्रहालयातच मिळते.

धुराड्याला भेग आहे. मलाही आहेत, मला कुणी पेटवायचं बंद करत नाही. वर जरा चिखल थापला की झालं. इथं रात्री आता पाणी गोठायला लागलं आहे. मी संध्याकाळी कोळसा टाकते, निखारे झाले की धुराड्याची झडप लावून घेते. एवढ्या कष्टानं आणलेली ऊब वर आभाळाला कशाला द्यायची?

तू पाठवलेला चहा मात्र बरा नाही. सकाळी डोकं जड होतं. परवा उठताना उंबऱ्याशी बसलेच जरा. पुढच्या वेळी आधीचाच पाठव.

शहरात मी येणार नाही. अकमारल माझ्या चुलीशी येईल, वितळलेल्या चरबीची पळी विस्तवावर ओतेल, वाकेल, आणि मी म्हणेन, तुमचा धूर सरळ वर जावो. तुझ्या भिंतीतल्या उबेत ती पळी कुठं ओतणार आहेस, सांग.

आपा


बिश्केक, १२ सप्टेंबर

आपा,

तो चहा नाही. मी तुमचं पत्र उभ्यानंच वाचत होते, उंबऱ्यापाशी खाली बसले. तुम्ही तुमच्या आणि मी माझ्या.

डोकं जड होतं ते झडप लावल्यामुळं. निखाऱ्यांतून तोच वायू येतो. झडप लागली आणि वर भेग असली की तो खोलीतच फिरत राहतो. हात जोडून सांगते, झडप उघडी ठेवा. ऊब गेली तर गेली. आणि डबी सागिनकाकांकडून... बघा, काळजीनं मी नावसुद्धा लिहून गेले. त्यांची माफी मागा आणि डबी परत आणा. ज्या घरात वायू, त्याच घरात ती हवी. तिचा उजेडही लुकलुकतो असं दुकानदारानं आता सांगितलं. उशाशी ठेवा.

मी आठवडाभर माहिती काढते आहे. ऑफिसातल्या बायका म्हणतात, आमच्या ताईला कोळशाचं वेड लागलं. गॅसची नळी तुमच्या बाजूला येण्याची चिन्हं नाहीत. बाहेरच्या गार हवेतून ऊब ओढून आत सोडणारं एक यंत्र मिळतं, पण कडाक्याच्या थंडीत तेही दमतं म्हणतात. विजेचे चपटे पत्रे भिंतीवर लावता येतात, ते आवाज न करता तापतात. आणि एक मार्ग असा की जुन्या धुराड्याच्या पोटात वरून खालपर्यंत पोलादी नळ सोडायचा, म्हणजे विटा कितीही भेगाळल्या तरी धूर नळातून जातो. पण वरचा भाग आधी नव्यानं बांधावा लागेल, आणि तुमच्याकडचा चुलीचा कारागीर तर मुलाकडे रशियात गेला.

तुमच्या मुलाचं म्हणणं दोनच शब्दांत आहे: वीज किंवा शहर. पहिल्या बर्फाआधी ठरवा म्हणतात.

मला कळतं हो आपा. बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं धुराडं आहे. ते बंद करायचं म्हणजे तुम्हाला त्यांनाच पुन्हा निरोप दिल्यासारखं वाटत असेल.

पेरीझात


अत-बाशी, २८ सप्टेंबर

पेरीझात,

कुणाच्या हातानं?

त्या माणसाला दोन विटा एकावर एक ठेवता येत नव्हत्या. तुझा मक्सात पोटात होता, हे मेंढ्या घेऊन उन्हाळी कुरणावर गेले होते. मी आणि माझ्या नणंदेनं ते धुराडं उभं केलं. तिनं चिखल तुडवला, त्यात बकरीचे केस आणि मीठ घातलं, मी विटा रचल्या. मी पोटामुळं नीट वाकू शकत नव्हते, म्हणून ते सागिनच्या घराकडं जरासं कललं आहे. हे परत आले, बघितलं, आणि पुढं आयुष्यभर घोडीचं दूध प्यायला बसले की 'मी बांधलेलं धुराडं' म्हणून सांगत राहिले. मी कधी खोडलं नाही. पुरुषाला बैठकीत सांगायला काहीतरी लागतं.

तेव्हा निरोपाबिरोपाचं काही नाही. ते माझं आहे आणि मी अजून इथं आहे, एवढंच.

गोठलेल्या हवेतून ऊब ओढणाऱ्या यंत्राचं सागिनला सांगितलं. तो म्हणाला, आधी त्यांना म्हणावं बोकडाचं दूध काढून दाखवा.

झडप उघडी ठेवते आहे, डबीही परत आणली आहे. डोकं हलकं झालं. चहालाही मी उगाच नावं ठेवली, चांगला आहे. खोलीतली ऊब मात्र रात्रीतून पळते आणि पहाटे मी अंगावर सगळे कपडे घालून कोबीसारखी बसते.

वीज चालेल. शहर नाही. पण माझीही एक अट आहे, मक्सातला सांग: अकमारल इथंच येणार. पळी कुठं ओतायची ते तोपर्यंत मी बघते.

आपा


बिश्केक, १९ ऑक्टोबर

आपा,

शनिवारी तुमचा मुलगा निघतो आहे, गाडीत विजेचे पत्रे, जाड तार आणि वायरमन घेऊन. खिडक्यांना जाड पडदे मी शिवले आहेत. दाराला आतून नवी कडीही बसवतील, जुनी वाऱ्यानं उघडते. चुलीचं तोंड मात्र ते विटांनी बंद करणार आहेत, म्हणजे तुम्हाला मोह होणार नाही. मी बोलून पाहिलं. 'ती माझी आई आहे, मी तिला ओळखतो' म्हणाले. रागावू नका. त्यांना जेवायला घाला, मग ते मऊ होतात.

पेरीझात


अत-बाशी, ३ नोव्हेंबर

पेरीझात,

आधी हे सांगते: मी जिवंत आहे. तुला कुणी वेगळं सांगितलं असेल तर ती बातमी जुनी आहे.

मक्सात गेला आणि मी राणी झाले. पत्रे तापतात, राख काढायला नको, कोळसा ओढायला नको. पडदे ओढले, कडी लावली आणि अकमारलसाठी लोकरीचं जाजम शिवायला बसले. आत असं उबदार होतं की बाहेर जग आहे हे मी विसरले. गाईचं तेवढं मागच्या दारानं बघत होते.

आता तुला आमची एक जुनी रीत माहीत नाही. सागिनची बायको गेली तेव्हापासून सकाळी उठलं की तो माझ्या धुराड्याकडं बघतो, मी त्याच्या. धूर दिसला की आपापल्या कामाला लागायचं. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, बोलायचं काय त्यात? सागिन मेंढ्या विकायला बाजाराला गेला होता. मक्सात येऊन गेला, चूल बंद झाली, याचा त्याला पत्ता नाही. तो परतला, पाहिलं तर धूर नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. पुढचं दार ठोठावलं, मला ऐकू येतं थोडंच. आतून कडी. पडदे ओढलेले.

मानेला गार वारा लागला म्हणून मी वळले. दार बिजागऱ्यांसकट जमिनीवर पडलं होतं आणि त्यावर सागिन उभा. टोपी हातात, तोंड उघडं, मिशांत पाणी. त्याच्या मागं अर्धं गाव. काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही, पण मयताच्या घरी जाताना पुरुष जसा आक्रोश करतात तसा त्याचा जबडा हलत होता.

"कोण गेलं रे?" मी विचारलं.

जबडा थांबला. तो जवळ आला, माझ्या कानाशी वाकला आणि ओरडला, "तू."

"कधी?"

"परवा गेली असशील. धूर बंद आहे, वहिनी."

"मग हे जाजम कोण शिवतंय?"

त्यानं जाजमाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हा कोपरा वाकडा आलाय," आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मी चाळीस वर्षं त्या माणसाला टोमणे मारते आहे. मला माहीतच नव्हतं.

अंगणात बायकांनी माझ्यावरचा विलाप सुरू केला होता. त्यांच्यात पुढं होऊन गाणाऱ्या कालिमाला मी जाऊन म्हटलं, आता म्हणत होतीस ते जवळ येऊन म्हण, मलाही ऐकू दे. ती लाजली, पण बाकीच्यांनी धरून बसवलं. माझे हात सोन्याचे होते म्हणे, आणि जीभ मधाची.

"जीभ मधाची कुणी घातली?" मी विचारलं.

"गाण्यात बसत होतं, आपा."

"मेलेल्या माणसाबद्दल एवढं चालतं," सागिन नाक पुसत माझ्या कानाशी म्हणाला.

आता मुद्द्याचं. झोलदोश तंबूवाल्याला कुणीतरी फोन केला होता. मयताचा तंबू अंगणात उभारायचा म्हणून तो लोकरीच्या नमद्याच्या घड्या आणि भिंतींच्या लाकडी जाळ्या ट्रॅक्टरवर घालून हजर. तरण्या पोरांच्या हातात फावडी, माझी कबर खणायला आणलेली. बायका पिठाच्या पिशव्या घेऊन आलेल्या. एवढं सगळं घेऊन आलेली माणसं दारातून परत पाठवायची म्हणजे शोभत नाही. चरबी तापवली, पिठाचे बोरसोक तळले, सगळ्यांनी माझ्या हयातीनिमित्त खाल्ले. खाता खाता सागिन वर बघत ओरडला, "फावडी आहेत, माणसं आहेत. हिला नाही पुरता येत, तर हिचं धुराडं तरी बांधून टाकू."

आणि अशार झाला. एकाचं काम, सगळ्या गावाचे हात, मजुरी म्हणजे जेवण. कबरीच्या फावड्यांनी चिखल कालवला. मी खुर्ची टाकून बसले आणि मीठ किती, केस किती, ते सांगत होते. वरच्या विटा शिळ्या पावासारख्या चुरल्या. छपरापासून वर त्यांनी सगळं नवं रचलं, आणि यावेळी सरळ. मला ते सरळ धुराडं परक्याचं वाटतं, पण सवय होईल.

छपराखालचा भाग मात्र भिंतीत आहे, तो फोडायचा तर घर फोडावं लागेल. तिथं तुझा पोलादी नळ हवा. पाकिटात लोकरीच्या धाग्याचा गुंडा आहे. धुराड्याच्या तोंडातून दगड बांधून खाली सोडला आणि चुलीपर्यंत मोजला. तेवढा लांब नळ, आणि लाल गाठ मारलेला छोटा तुकडा आहे तेवढा रुंद. दोलोनच्या खिंडीत बर्फ बसायच्या आत पाठव. सध्या धुराड्याच्या तोंडावर बादली पालथी घातली आहे.

मक्सातला सांगू नकोस. विटा मी काढल्या आहेत चुलीच्या तोंडावरच्या. दाराशी नीट रचून ठेवल्या आहेत, त्याला हव्या तर परत नेऊ दे.

आपा


बिश्केक, ९ नोव्हेंबर

आपा,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली. म्हणजे पाहा, माझंही हसणं आता सुधारलं.

बांधकामाच्या बाजारात गेले. नळवाला एक मख्ख माणूस होता, पुढ्यातल्या सूर्यफुलाच्या बिया सोलून खात बसलेला. किती लांब, म्हणाला. मी गुंडा काढला. एक टोक त्याच्या दुकानाच्या खिळ्याला बांधलं आणि उलगडत चालत गेले, रंगवाल्याच्या पुढून, कुलूपवाल्याच्या पुढून. माणसं धागा ओलांडून जात होती. एक म्हातारा थांबून म्हणाला, "पोरी, भुलभुलैयातून बाहेर पडते आहेस की आत चाललीस?" मी म्हटलं, सासूबाईंच्या धुराड्याचं माप आहे. त्याबरोबर सगळेच मदतीला आले. कुलूपवाल्यानं टोक धरलं, रंगवाल्यानं गर्दी बाजूला केली. नळवाला बिया खाली ठेवून उठला आणि धागा बोटांत घेऊन म्हणाला, "लोकर आहे, दगडानं ताणली असेल. खरं माप याहून कमी." मग थोडा विचार करून, "पण आखूड नळानं कुणाचं भलं झालंय," आणि वर एक तुकडा जास्तीचा बांधून दिला. त्यावर बसवायची टोपीही दिली, बर्फ आत पडू नये म्हणून.

नळ मी पलंगाखाली लपवले. रात्री तुमच्या मुलाचा पाय लागला आणि सगळा पलंग शाळेच्या घंटेसारखा वाजला. मग मी पत्रच हातात दिलं. काय करणार. ते हसायला लागले, 'कधी?' 'परवा' पाशी तर त्यांना उठून पाणी प्यावं लागलं. पण शेवटी त्यांनी पत्राची घडी घातली. आणि म्हणाले, "धूर मीच बंद करून आलो होतो गं." सकाळी नळ स्वतःच गाडीवर बांधून नूरदीनकडं नेऊन दिले. विटा परत नकोत म्हणाले.

आता मीही एक लपवलेलं सांगते. तुमच्यासाठी खोली मी जूनमध्येच रंगवली होती, धुराड्याची वीट निखळायच्या आधी. खिडकीपाशी शिवायला उजेड येईल असा पलंग ठेवला. तिलेक आज ना उद्या जाणार, घर रिकामं होणार, आणि मी एकटी त्या आपोआप येणाऱ्या उबेत बसणार, या विचारानं मला कसंतरी व्हायचं. तुमच्या मुलाला मीच म्हटलं होतं, आपांना हिवाळ्यात इकडं आणू या. मग धुराडं फुटलं आणि मला निमित्त मिळालं. तुमच्या जिवाची काळजी खरीच होती, आपा. पण तिच्या पोटात ही दुसरी होती.

मी एकोणीस वर्षांची होते, तुम्ही मला चुलीशी नेलंत. माझा हात इतका कापत होता की चरबी विस्तवाऐवजी तुमच्या नव्या कोटावर पडली असती. तुम्ही मागून माझं मनगट धरलंत, कुणाला दिसणार नाही असं. आणि ज्वाला वर उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं मीच ओतली. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अकमारलचा हात कापला तर धरायला तुम्ही तिथंच असायला हव्यात, तुमच्याच चुलीशी. एवढं मला आता कळलं.

पेरीझात


अत-बाशी, २० नोव्हेंबर

पेरीझात,

नळ बसला. वरून सोडला तेव्हा चुलीच्या तोंडाशी मी आणि सागिन डोकं घालून बसलो होतो. खाली आला तशी इतक्या वर्षांची काजळी दोघांच्या तोंडावर. कालिमा म्हणाली, आता खरंच दोघं मेल्यासारखे दिसता.

जास्तीचा तुकडा वाया कशाला घालवायचा? तो वरच लावला. त्यामुळं माझं धुराडं आता सागिनच्या धुराड्यापेक्षा उंच झालं आहे. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, त्या नळवाल्याकडं आणखी एक तुकडा मिळेल का.

पहिल्यांदा पेटवली ती गोवऱ्यांनी. अंगणात जाऊन पाहिलं. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला, कुठंही न वाकता. सागिन त्याच्या कुंपणाशी उभा होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तंबू झोलदोशनं नेला नाही. लग्नाची माणसं येणारच आहेत, त्यांना बसायला होईल म्हणाला.

खोलीचं वाचलं. त्याचं उत्तर नंतर. अशी उत्तरं घाईनं देत नाहीत.

आपा


बिश्केक, ८ डिसेंबर

आपा,

घरी पोचलो. खिंडीत गाडी दोनदा अडकली आणि अकमारल दोन्ही वेळा उतरून ढकलायला गेली, नवरीचा रुमाल डोक्याला तसाच. तिलेक आत बसून गाडी चालवत होता. मला वाटतं त्यांच्या संसाराची दिशा ठरली.

तुम्ही सगळं पाहिलंतच, पण तुमची पाठ होती तेव्हाचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते. आम्ही आलो, अंगणात गाड्या लागल्या, आणि अर्ध्या तासात गावाची वीज गेली. भिंतीवरचे पत्रे हळूहळू गार झाले. तुमचा मुलगा प्रत्येक पत्र्याला हात लावून पाहत होता, आजाऱ्याच्या नाडीवर हात ठेवावा तसा. तुम्ही नुसती चूल सारवली, कोळसा टाकला आणि त्यांच्या हातात काडेपेटी दिलीत. मी त्यांचं तोंड पाहिलं, आपा. धाकटा मुलगा आईबापाचा विस्तव सांभाळतो म्हणतात. इतकी वर्षं शहरात राहून त्यांना वाटायचं आपल्याला ते जमलं नाही. ती काडी त्यांनी ओढली तेव्हा ओठ असे घट्ट मिटले होते की जणू परीक्षेला बसलेत.

मग सगळं त्या एका खोलीत शिरलं. बाहेरच्या तंबूतली माणसंही आली, भिंतीला पाठ लावून, मांडीला मांडी लावून. अकमारल पळी घेऊन उभी राहिली. तुम्ही तिच्या मागं गेलात आणि मी तुमच्या हाताकडं बघत होते. तिचा हात कापलाच नाही. तिनं धाडकन सगळी पळी ओतली. ज्वाला चुलीच्या तोंडातून बाहेर आली, कालिमाच्या भुवया जेमतेम वाचल्या, आणि अकमारल हसली. मोठ्यानं. तोंडावर हात उशिरा. तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. हात कापत होता तो माझा, आणि तो तुम्ही खाली, कुणाला दिसणार नाही असा, धरलात.

ती लुकलुकणारी डबी रात्रभर शांत होती. झोपेतून तीनदा उठून मी बघितली. तुमच्या मुलानंही. एकदा आमची अंधारात टक्कर झाली.

सकाळी बाहेर आले तर सागिनकाका कुंपणाशी होते. (आता नाव लिहिलंच आहे एकदा, तर असू दे.) मला म्हणाले, "तुझ्या सासूचा धूर बघ, उंटाच्या मानेसारखा ताठ. तो वरचा तुकडा नसता तरी असाच गेला असता, पण तिला कोण सांगणार."

खोलीबद्दल मी काही विचारत नाही.

पेरीझात


अत-बाशी, १८ डिसेंबर

पेरीझात, बाळ,

तू विचारत नाहीस म्हणून सांगते.

माझी चूल माझी आहे, आणि तिच्यात विस्तव आहे. वीज असेल तेव्हा पत्रे, नसेल तेव्हा चूल, झडप उघडी, डबी उशाशी. आता मला इथून कुणी हलवू शकत नाही. तूही नाहीस, मक्सातही नाही. आणि हलवू शकत नाही हे पक्कं झाल्यावर माझ्या मनात आलं, चाळीस दिवसांचा कडाका सुरू होतो आहे, तेवढा पेरीझातकडं का काढू नये? घाबरून बाहेर पडणं वेगळं आणि पाहुणी म्हणून जाणं वेगळं. मी पाहुणी म्हणून येते. पलंग खिडकीपाशी आहे ना, जाजमाचा वाकडा कोपरा उसवून नीट करायचा आहे.

गाय कालिमाकडं. धुराड्याचं सागिनशी बोलले. मी नसताना धूर दिसला नाही तर गाव पुन्हा तंबू घेऊन येईल, आणि यावेळी दार कुणाचं तोडतील सांगता येत नाही. रोज सकाळी येऊन माझी चूल पेटवशील का, म्हटलं.

"आणि बघायचं कुणी?" तो म्हणाला. "मी तुझ्या घरात विस्तव लावणार, मग माझ्या कुंपणाशी उभं राहून तुझ्या धुराकडं कोण बघणार?"

"तूच. पेटव, आणि पळत जाऊन बघ."

त्यानं माझ्या दारापासून त्याच्या कुंपणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग माझ्या कानाशी वाकून ओरडला, "चाळीस दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी नाही आलीस तर रडत येईन."

मी म्हटलं, ये, कालिमालाही आण, ते मधाच्या जिभेचं कडवं मला अजून नीट पाठ झालेलं नाही.

रविवारच्या गाडीनं निघते. नूरदीनला पुढची सीट ठेवायला सांगितली आहे. चहा करून ठेव, तोच, ज्याला मी नावं ठेवली होती.

तुझी
आपा